रिकाम्या तांड्यातले डबे

दिवाळीच्या चौथ्या दिवशी तांड्यात ट्रक लागला. ऊसतोडीला माणसं न्यायला दरसाल लागतो तसा. भांडी चढली, पिठाची पोती चढली, कोंबड्या चढल्या, लेकरं चढली आणि सगळ्यात शेवटी बाया चढल्या. माणसं गोळा करून नेणारा मुकादम होता रामलाल, म्हणजे उत्तमसिंगच्या बायकोचा, रूपीचा, सख्खा मोठा भाऊ. ऊसतोडीत माणसं डोक्यांनी मोजत नाहीत, कोयत्यांनी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता.

"रूपी. अर्धा कोयता," रामलालनं यादी वाचली आणि मुद्दाम थांबला. "बाकीचा अर्धा अठी डबे ठोकणार हाय."

सारा ट्रक खिदळला. उत्तमसिंगही हसला. न हसून करतो काय? मेव्हण्यानं चारचौघांत टोपी उडवली, तर ती हसत हसत उचलून डोक्यावर ठेवावी लागते. रूपीबाई तेवढी हसली नाही. ती ट्रकाच्या फाळक्याला टेकून बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

अकरा वर्षं दोघांनी मिळून ऊस तोडला होता. पावसाळ्यात तांडा घरी असला, की उत्तमसिंग दिग्रसला एका सुताराकडे कामाला जाई. त्या सुतारानं पलंग-दिवाण सोडून डीजेचे स्पीकर बसवायचे मोठाले लाकडी डबे करायला घेतले होते. उत्तमसिंगचा हात त्या कामात बसला आणि हातापेक्षा कान जास्त बसला. यंदा दिग्रसच्या रोशननं त्याला एकट्याला काम सांगितलं होतं. रोशनचा स्वतःचा डीजे होता, लग्नाच्या सीझनमध्ये त्याची गाडी दारव्ह्यापासून पुसदपर्यंत फिरायची. होळीपर्यंत बेसचे चार डबे आणि वर ठेवायचे बारीक आवाजाचे टॉप. मनासारखे झाले तर पुढचं सगळं काम उत्तमसिंगलाच.

"एक साल," तो रूपीला म्हणाला होता. "येवढं एक साल तू जा. होळीले डबे त्याच्या मनात भरले, तं मंग तुले फडात पाय ठेवा नाही लागत. अठीच राहू दोघं."

"होळीले पाहू," ती म्हणाली होती.

ना हो, ना नाही. ट्रक वळणापलीकडे गेला तरी धूळ खाली बसेपर्यंत उत्तमसिंग रस्त्यातच उभा होता.

तांडा रिकामा झाला म्हणजे कसा होतो, हे ट्रकात बसून गेलेल्याला कळत नाही. अकरा वर्षं उत्तमसिंगलाही कळलं नव्हतं. घराघराला कुलूप, कुलपापुढे बाभळीची काटेरी फांदी, ढोरं घुसू नयेत म्हणून. पहिले चार दिवस कुत्री दारोदार हुंगत फिरली, मग तीही कुठं कुठं निघून गेली. मागे राहिली सात-आठ म्हातारी माणसं, शेळ्या, उत्तमसिंगची आई लालीबाई आणि उत्तमसिंग. पोरगी खुशी महागावच्या आश्रमशाळेत होती, ती सुटीलाच यायची. हापशीवर पाण्यासाठी भांडण ऐकू येईना. पहिल्या आठवड्यात त्याला शांतता बरी वाटली. दुसऱ्या आठवड्यात तो शेळ्यांशी बोलायला लागला.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. लाईट येई तेव्हा करवत चालवायची, लाईट गेली की रंधा आणि कानस. प्लायचे तक्ते इतके जड, की एकट्यानं उभे करताना खांद्यातून कळ निघायची. एकदा तक्ता सटकून अंगठ्यावर आला, नख काळं-निळं पडलं. त्यानं रोशनच्या बापाचा उद्धार केला आणि पुन्हा कामाला लागला.

नुसता मोठा आवाज काढणं ही काही कला नव्हे. मोठा आवाज रोडरोलरही काढतो. खरी मेख अशी, की छातीत दणका बसला पाहिजे आणि गाणाऱ्याचा शब्दही कानात साफ पडला पाहिजे. सुतार सांगायचा, लाकूड बोललं नाही पाहिजे, बोलायचं ते स्पीकरनं. म्हणून उत्तमसिंग डब्याला आतून आडव्या पट्ट्या मारायचा, सांध्यात गम आणि भुसा कालवून दाबायचा. मग स्पीकर बसवून संथ बेस वाजवायचा आणि डब्यावर तुरीचे दाणे पसरायचा. दाणे जागेवर राहिले तर ठीक. नाचले, तर तिथं लाकूड बोलतंय म्हणायचं, आणि आतून आणखी एक पट्टी. सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवायची. धूर कुठं थरथरला, की तिथं फट आहे. देवाला लावली नसेल एवढी उदबत्ती त्यानं त्या डब्यांना लावली.

लालीबाईला डोळ्यांनी अंधुक दिसे. ती दारात बसून विचारी, "उत्तम, कोणाची पूजा करून राह्यला रे?"

"डब्याची, याडी," तो आईला म्हणे.

"पावला का?"

"होळीले पावते."

रूपीचा फोन आठ-दहा दिवसांनी यायचा, दुपारी, गाडी भरून झाल्यावर. तिचा आवाज बसलेला असे. बोटं चिरली, म्हणायची. पाचटानं हात सोलले, म्हणायची. मोळ्या बांधायला आता रामलालच्या सुनेची जोडी मिळाली, ती पोरगी फार बोलकी आहे. आम्ही सगळ्या बाया पालावर एकत्र भाकरी करतो. उत्तमसिंग ऐकून घेई. मग तो डब्यांचं सांगायला लागे, पट्ट्यांचं, उदबत्तीचं. तिकडून ती हं हं करी. मागं बायांचा गलका चाले, कोणी तिला हाक मारी आणि ती म्हणे, "ठेवतो मी. बलावून राह्यल्या."

फोन ठेवल्यावर त्याला तांडा आणखीच मोठा वाटायचा. पण चांगल्यासाठीच चाललंय ना सगळं, असं तो स्वतःलाच बजावी. पुढच्या सालापासून हीच बाई इथं चुलीपुढं बसून आपल्याशी बोलेल.

संक्रांत झाल्यावर रोशन पिकअप घेऊन आला. पंचविशीचा गडी, केसांना रंग, गळ्यात चेन. त्यानं डबा हलवून पाहिला.

"उत्तमभाऊ, किती जड करून ठेवला बे! पट्ट्या काढा आतल्या. दोन माणसाईनं उचलला पाहिजे."

"पट्ट्या काढल्या तं लाकूड फडफडते. गाणं सारं घाण होते."

"गाणं ऐकते कोण? पब्लिकले दणका पाह्यजे. छाती हालली पाह्यजे बस."

"दणका देतोच ना मी. पण शब्द बी देतो. तुमाले काय जड होऊन राह्यलं?"

रोशन हसला. त्याला या माणसाची गंमत वाटायची. "बरं, राहू द्या. पण एक ऐका. टॉप येगळे नका ठेवू. डब्यातच बसवून टाका, खालीच. गावात वायरा लोंबते, उंच केलं की अडकते."

तेवढं उत्तमसिंगनं मान्य केलं. टॉप म्हणजे शब्दांचे, बारीक आवाजाचे स्पीकर. ते त्यानं छातीच्या उंचीवर डब्यातच पक्के बसवायचं ठरवलं.

रोशन निघताना उत्तमसिंगनं आपल्या मोबाइलातलं एक गाणं त्याला पाठवलं. मागच्या होळीत तांड्यातल्या बायांनी लेंगी गायली होती, होळीचं तांड्याचं गाणं, भावजयीनं दिराची थट्टा केलेली. पुढं गाणारी रूपी होती. तिचा गळा असा, की डफ वाजत असला तरी शब्द निसटत नसे. उत्तमसिंगनं ते फोनात भरून ठेवलं होतं.

"याच्याखाली तुमचा बीट टाकून द्या. होळीले हेच वाजवू."

"कोण गाऊन राह्यलं?"

"हाय एक," उत्तमसिंग म्हणाला, आणि कानशिलं तापली म्हणून खाली वाकून भुसा गोळा करायला लागला.

माघ संपता संपता चारही डबे उभे राहिले. काळा रंग, पुढं जाळी, कोपऱ्यांना पत्रा. एका सकाळी त्यानं ते एकट्यानं, लाकडी गोल ओंडक्यांवरून ढकलत ढकलत, तांड्याच्या चौकात आणले. रोशननं आपलं मोठं, आवाज वाढवायचं मशीन आणि बीट घातलेलं गाणं पाठवून दिलं होतं. उत्तमसिंगनं गाणं लावलं आणि चौकाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिला.

बेस आधी पायांतून आला, मग पोटात. आणि त्याच्या वर, स्वच्छ, रूपीचा गळा. शब्दन् शब्द. दोन्ही बाजूंच्या कुलूपबंद दारांवरून तो आवाज परतून येत होता आणि तरी कुठं गढूळ होत नव्हता. थोडं कमी, थोडं जास्त, असं चार दिवस तो डबे आणि टाकी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिला. पाचव्या दिवशी त्याला वाटलं, आता याच्यात बोट ठेवायला जागा नाही. त्यानं टॉप गम लावून, स्क्रू मारून कायमचे बसवून टाकले.

मग हे कोणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. लालीबाई दारात बसली होती.

"याडी, ऐकू आलं का? रूपी होय ते."

"आलं बाप्पा. माह्या दातापर्यंत आलं," म्हातारी म्हणाली. "पण ती येते कधी?"

होळीसाठी तांडा दरसाल घरी येतोच, पण त्या वर्षी तिकडे ऊस कमी होता. कारखाना लवकर बंद पडला आणि होळीच्या तीन दिवस आधी ट्रक परत आला. तासाभरात तांड्याला जीव आला. काटेरी फांद्या उचलल्या, कुलपं निघाली, चुली पेटल्या, पाण्यावरून पहिलं भांडणही झालं. कुत्री कुठून परत आली देव जाणे.

रूपीबाई उतरली तेव्हा उत्तमसिंगला ती ओळखू यायला क्षण लागला. गालफडं वर आलेली, उजव्या हाताला मळकी चिंधी. त्यानं तिचं गाठोडं घेतलं. घरात भुशाचा थर होता, तिनं न बोलता झाडू घेतला. ती दोन दिवस नुसती झोपली. मधेच उठली की रामलालच्या सुनेकडे जाई, कोणाचं कोणाचं हसणं ऐकू येई, परत येऊन झोपे. डबे अंगणात ताडपत्रीखाली उभे होते. ती त्यांच्या बाजूनं जायची-यायची. एकदा धुतलेलं लुगडं तिनं त्यांच्यावरच वाळत घातलं. पण हे कसे झाले, असं तिनं विचारलं नाही. उत्तमसिंग वाट पाहत राहिला. पाच महिन्यांचं बोलणं त्याच्याकडे साचलं होतं आणि ते कुठून सुरू करावं हे त्याला कळेना.

"होळीले ऐकजो," एवढंच तो म्हणाला.

"हो, ऐकीन नं," ती म्हणाली.

तांड्याची होळी पहाटे पेटते. होळी पेटली, बायांनी फेर धरला, डफ वाजला. दिवस चांगला वर आल्यावर रोशन आला आणि डबे चौकात लागले. सारा तांडा जमला, शेजारच्या दोन तांड्यांतलेही आले. पोरं, गडी पुढं, डब्यांना खेटून. बाया मागं, टाकीजवळ, रिवाजाप्रमाणे. उत्तमसिंगनं स्वतः मशीन चालू केलं.

पहिला दणका पडला आणि गर्दीनं आरोळी ठोकली. रंग उडाला, गडी नाचायला लागले, रामलालसारखा पोट सुटलेला मुकादमसुद्धा हात वर करून उड्या मारायला लागला. रोशननं उत्तमसिंगच्या पाठीत थाप मारली. "काय वाजवून राह्यले भाऊ! दिग्रसात असं नाही कोणाकडे!"

उत्तमसिंगचा ऊर भरून आला. गर्दीच्या कडेकडेनं तो मागं निघाला. रूपीचं तोंड पाहायचं होतं त्याला, तिचाच आवाज तिला कळतो तेव्हाचं. दहा पावलं गेला आणि थबकला. आणखी दहा गेला. आवाज बदलत होता. टाकीशी पोचला तोवर गाणं संपलंच होतं म्हणा ना. वाजत होतं, पण नुसतं ढुम, ढुम, ढुम. शब्द पुढच्या गड्यांच्या छातीतच जिरून गेले होते. छातीएवढ्या उंचीवर त्यानंच बसवले होते टॉप. समोर माणूस नसताना बसवले होते. चार दिवस कुलपांना गाणं ऐकवलं आणि कुलपं छान आहे म्हणाली! स्वतःच्या अकलेची त्याला अशी चीड आली, की मशीनच्या वायरा उपटाव्याशा वाटल्या.

रूपीबाई बायांच्या घोळक्यात होती, गालाला गुलाल. तिनं त्याला पाहिलं आणि कानाजवळ तोंड आणून ओरडून विचारलं, "कोणतं गाणं हाय हो हे?"

 "हाय एक," तो म्हणाला. ते तिला ऐकू गेलंच नाही.

दुपारी रोशन आनंदात होता. आणखी सहा डबे, लग्नसराई संपली की सुरू करा. हे चार मी आताच नेतो.

"उद्या न्या," उत्तमसिंग म्हणाला. "शब्द मागं जाऊन नाही राह्यले. टॉप वर घ्या लागते."

"अबे भाऊ, कोणाले पडली! पब्लिक नाचली ना?"

"मागं बाया होत्या. त्याईले काहीच नाही आलं."

"बाया नाचते का?"

उत्तमसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. उत्तमसिंग जन्मभर पडतंच घेत आला होता. पण आता त्याचा आवाज चढला. "उद्या या म्हटलं ना! माह्या हातचं हाय ते. अर्धवट नाही देत मी."

रोशन खांदे उडवून गेला. उत्तमसिंगनं त्याच दुपारी चारही टॉप कापून काढले. आपणच मारलेले स्क्रू, आपणच ओतलेला गम. डबा न फाडता ते काढताना दोनदा पटाशी हातात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जे केलं, त्याची चेष्टा तांडा अजून करतो. तो घरोघर गेला आणि म्हणाला, जरा चौकात येऊन उभे राहा. नाचू नका, बोलू नका, नुसतं उभे राहा. होळीची नशा कोणाची उतरली होती, कोणाची नाही. "काय जवाई, फोटो काढतं का आमचा?" रामलालनं विचारलं. पण आले सगळे. गडी पुढं, बाया मागं. उत्तमसिंगनं टॉप दोन उंच लाकडी बल्ल्यांवर बांधले होते. गाणं लावलं, पुढं-मागं फिरला. बल्ल्या हातभर उचलल्या. पुन्हा फिरला. वीतभर उचलल्या. तोंड थोडं खाली झुकवलं.

"रूपी," त्यानं ओरडून सांगितलं, "शब्द कळला की हात वर कर."

बाया फिसकन हसल्या. रूपीबाई लाजून खाली पाहत उभी राहिली. आणखी वीतभर. मग तिनं मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले. हात वर करायचा ती विसरलीच, तिनं तो तोंडावर ठेवला. तिच्या शेजारी उभ्या रामलालच्या सुनेनंच दोन्ही हात वर केले आणि किंचाळली, "आत्याबाई, तुमीच होय वं हे!"

उत्तमसिंगनं बल्ल्यांच्या दोऱ्या आवळून बांधल्या. गर्दीतून वाट काढत रूपीबाई त्याच्यापाशी आली. चिंधी सुटलेल्या हातानं तिनं डब्याच्या जाळीवरून बोटं फिरवली.

"साफ येऊन राह्यलं," ती म्हणाली. "सारं. मागच्या साली शेवटी मले खोकला आला होता, तो बी आला."

"सहा डबे सांगतले आणखी त्यानं," तो घाईनं म्हणाला. "वर्षभराचं झालं आपलं. मी रामलालले सांगतो, रूपी नाही येत म्हणून. तुले आता जा नाही लागत."

तिनं जाळीवरचा हात मागं घेतला. गाणं चालूच होतं.

"मी काल रामलालभियाले हो म्हटलं. पुढच्या साली बी येतो म्हणून," ती म्हणाली.

"काहून?"

"सारा तांडा जाते. म्या अठी कोणाशी बोलू? तुमाले तं डबे हायेत." तिनं ते रागानं म्हटलं नाही. म्हणून ते जास्त लागलं. "हात सोलते तठी, नाही कशाले म्हणू. पण बाया असते. तुमी या ना माह्यासंग. नाही जमत, मले माहीत हाय. सहा डबे हायेत."

त्याला सांगायचं होतं, की हा रिकामा तांडा मी पाच महिने काढला, एकट्यानं, तू इथं राहशील म्हणून. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की तसलेच पाच महिने आपण तिला द्यायला निघालो होतो. 

त्यानं मशीन बंद केलं. चौक एकदम गप्प झाला. पुढचे गडी "काय झालं, काय झालं" करत पांगायला लागले.

"काहून बंद केलं?" रूपीबाईनं विचारलं.

"तू म्हण," तो म्हणाला. "अठीच. येक कडवं."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली, परत आल्यापासून त्याच्यासमोर पहिल्यांदा.

"आता? अशी? मंग हे येवढं कायले बनवलं?"

मागून बायांनी तिला हाक मारली. हापशीवर भांडी लागली होती. "आली वं," ती म्हणाली आणि लुगड्याचा काष्टा खोचत त्यांच्यामागं गेली. रोशनची पिकअप वळणावर हॉर्न वाजवत होती. उत्तमसिंग वाकला आणि वायरा गुंडाळायला लागला.